मुक्काम पोस्ट ई ड्राइव्ह

आमच्या घरातल्या त्या काळ्या खोक्याला मी सर्व्हर म्हणतो. बायको 'तुमचं ते' म्हणते, आई 'टीव्हीच्या मागचं' म्हणते, आणि बंगळुरूची मुलगी फोनवर विचारते, "बाबा, ते अजून चालू आहे?" गावाकडच्या नव्वदीतल्या आत्याची चौकशी साधारण याच सुरात होते. मी मात्र सर्व्हरच म्हणतो. गणपतीत मंडळाच्या मंडपात कुणी जुन्या मराठी सिनेमाचा विषय काढला की मी आधी गप्प बसतो, चार जणांना चुकू देतो आणि मग हळूच म्हणतो, "आहे माझ्या सर्व्हरवर." हे वाक्य जबलपुरात म्हणण्यात जे सुख आहे ते पुण्यात नाही. पुण्यात प्रत्येकाकडे काही ना काही असतंच, आणि नसलं तर मत असतं. इथे गोलबाजार ते ग्वारीघाट या पट्ट्यात 'सिंहासन' फक्त माझ्याकडे आहे असा माझा समज आहे आणि तो तपासून बघायची मला अजिबात घाई नाही.

ज्या फोल्डरात हा ऐवज आहे त्याचं नाव मी 'राष्ट्रीय ठेवा' असं ठेवलंय. राष्ट्र तीन खोल्यांचं आहे, पण ठेवा दांडगा. सुट्टीत नागपूरला गेल्यावर सीताबर्डीवरून आणलेल्या व्हीसीडी, बाबांच्या नाट्यगीतांच्या कॅसेट, आणि लग्नमुंजींच्या व्हीएचएस. हे सगळं मी एकेक करून संगणकात उतरवलं. एका सिनेमाच्या दोन चकत्या असायच्या आणि पहिली जिथं संपायची तिथं आमच्या घरी मध्यंतर व्हायचं. नायिका जिन्यावरून पडता पडता थांबली आणि आम्ही चहा प्यायलो, असंही झालेलं आहे.

जुनं मशीन आता म्हातारं झालं. पंख्याचा आवाज असा की हळव्या प्रसंगात नायकापेक्षा तोच जास्त उसासे टाकायचा. म्हणून मढातालला जयंती कॉम्प्लेक्समध्ये गेलो. जबलपुरात संगणकाचं काहीही बिघडलं किंवा हवं असलं की पाय तिकडेच वळतात. दुकानदारानं हाताच्या पंज्याएवढा मिनी पीसी काउंटरवर ठेवला.

"इसमें चलाओगे क्या, बड्डे?"

"मीडिया सर्व्हर," मी म्हणालो. आवाज जरा खाली आणला. असे शब्द खालच्या पट्टीत शोभतात.

"मतलब पिक्चर."

इतक्या कमी अक्षरांत माझा अपमान आजवर कुणी केला नव्हता. वर त्यानं चार टेराबाइटची डिस्क दिली, जी घरी जोडल्यावर विंडोजनं 3.63 दाखवली. यात कुणाची लबाडी नाही. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज 1024 च्या पटीत, आणि दोघं आपापल्या जागी खरे असतात. बायकोला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पैसे कुठल्या हिशोबानं दिले?"

या सर्व्हरवर जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर चालतं. त्याचा इतिहास मी विचारल्याशिवाय सांगत नाही, पण तुम्ही वाचतच आहात. डिसेंबर 2018 मध्ये 'एम्बी'नं आपला खुला कोड बंद करायचं ठरवलं, तेव्हा काही जणांनी आधीचा खुला कोड उचलला आणि वेगळी चूल मांडली, ती जेलीफिन. मराठी नाट्यसंस्थांचा इतिहास ठाऊक असलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

आता असा सर्व्हर एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचा म्हणजे दोन गोष्टी न्यायच्या: माल आणि वही. माल म्हणजे सिनेमांच्या फायली. ती नुसती हमाली. आमचा राउटर शंभर मेगाबिटवाला, त्यातून चार टेराबाइट जायला चार दिवस लागतात. दोन्ही मशीनं एका तारेनं थेट जोडली की तेच काम दहा-अकरा तासांत होतं. खरी मेख वहीत. वहीत सर्व्हर लिहून ठेवतो की कुठला सिनेमा कुठल्या जागी आहे, पोस्टर कुठलं, नट कोण, आणि घरातल्या कुणी काय पाहिलं, कुठवर पाहिलं. विंडोजवर ही वही 'प्रोग्रामडेटा' नावाच्या फोल्डरात असते, आणि ते फोल्डर विंडोज आपणहून दाखवत नाही. सर्व्हर पूर्ण बंद करून मगच तिची नक्कल काढायची. तो चालू असताना काढली तर अर्धं पान आजचं आणि अर्धं कालचं यायची भीती.

नेण्याआधी जरा चाळावी म्हणून मी वही उघडली.

'सिंहासन'. जब्बार पटेलांचा, 1979 चा. माझ्या नावापुढची 'इथवर पाहिलं'ची निळी रेघ पोस्टरच्या डाव्या कडेला जेमतेम टेकलेली. दिगू टिपणीसाची अजून धड ओळखही झालेली नाही. 'उंबरठा': मी उंबरठा ओलांडलेलाच नाही. 'जैत रे जैत'मधली दोन गाणी तेवढी झालीत. आणि मग 'अशी ही बनवाबनवी'. त्यापुढे 'किती वेळा पाहिला'चा जो आकडा होता तो मी इथं देत नाही. गावात अजून थोडा मान आहे. डिजिटल फाईल झिजत नाही हे बरं, नाहीतर 1988 च्या त्या सिनेमातून एव्हाना आरपार दिसलं असतं.

क्षणभर मोह झाला. माल न्यावा, वही इथंच सोडावी. नव्या मशीनवर माझा पूर्वेतिहास कोरा. 'सिंहासन' पूर्ण पाहिल्याची खूण हातानं टिचकी मारून करता येते. बनवाबनवी? ऐकून आहे.

तसं केलं नाही, कारण वहीचा एक नियम आडवा आला, आणि तो नियम नीट समजल्यापासून मला थोडी झोप कमी लागते.

सर्व्हर प्रत्येक सिनेमा दोन तऱ्हांनी ओळखतो. सिनेमांचे मोठमोठे जागतिक कोश आहेत. त्यात ज्याची नोंद सापडते त्याला कोशातला क्रमांक मिळतो आणि 'कुठवर पाहिलं'ची खूण त्या क्रमांकाला बांधली जाते. मग फाईल कुठंही न्या, क्रमांक बदलत नाही, खूण हलत नाही. कोशात जे नाही त्याची ओळख म्हणजे फक्त पत्ता: कुठली ड्राइव्ह, कुठलं फोल्डर, काय नाव. त्या पत्त्यातलं एक अक्षर बदललं की सर्व्हरच्या लेखी ती वस्तू आजच जन्माला आली. जुनी खूण वहीत पडून राहते, पण तिला धनी उरत नाही.

पत्त्यावरून आठवलं. आमचं जबलपूर बावन्न तालांचं गाव. ताल म्हणजे तलाव. इथल्या मराठी माणसाच्या तोंडीही तालच. गढ्याच्या गोंड राजांच्या काळापासून इथं तलाव खोदले गेले. राणी दुर्गावतीनं खोदवला तो राणीताल, तिच्या दासीच्या नावाचा चेरीताल, तिचे दिवाण आधारसिंह यांचा आधारताल. दासीलासुद्धा स्वतःचा तलाव होता, यावरून त्या राज्याची ऐपत आणि माणुसकी दोन्ही ओळखा. राणी 1564 मध्ये मोगलांशी लढताना पडली. तलाव मागे राहिले. पुढे गाव वाढलं आणि तलावांना उतरती कळा लागली. आज राणीतालात उतरायचं तर पोहण्याचा पोशाख नको, बूट घाला. तिथं स्टेडियम आहे. हाथीतालात हत्ती नाही आणि तालही नाही, घरं आहेत. चेरीतालात रिक्षावाला दारापर्यंत सोडतो, पाय ओला होत नाही. मढातालात तर मी नुकतीच हार्ड डिस्क घेतली. भंवरतालचा बगीचा झाला. त्या बगीच्यात बकुळीच्या झाडाखाली 1953 च्या मार्चमध्ये ओशोंना ज्ञानप्राप्ती झाली असं सांगतात. तेव्हा ते इथंच कॉलेजात शिकत होते. त्या झाडाजवळ मीही पुष्कळदा बसलोय. मला डास चावले. हनुमानतालात मात्र अजून पाणी आहे, आधारतालही तग धरून आहे, त्यामुळे बाहेरून आलेल्या पाहुण्याची फार पंचाईत होते. कुठल्या तालावर फिरायला जायचं आणि कुठल्या तालावर बस पकडायची, हे त्याला नावावरून कधीच कळत नाही.

पाहुण्यांसमोर मी नेहमी याची चेष्टा करतो. पाणी गेलं, पाटी राहिली, असं म्हणतो. एकदा पुण्याचे एक स्नेही म्हणाले, "मग नावं बदलत का नाही तुम्ही?" मी हसलो. पण बदलून बघा की! उद्या चेरीतालचं नाव बदललं तर पोस्टमन, गॅसवाला, लग्नपत्रिका वाटणारा मामेभाऊ, सगळे रस्त्यावर येतील. दासीचं नाव पुसलं जाईल ते वेगळंच. आज कुरिअरवाला हातात खोकं घेऊन "चेरीताल" म्हणतो तेव्हा साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका नोकर बाईचं नाव घेत असतो, आणि त्याला ते ठाऊकही नसतं. तलाव बुजवण्यात गावानं शहाणपणा दाखवला असं कुणी म्हणणार नाही. पत्ते तसेच ठेवले एवढं मात्र बरं केलं.

तर, वही.

बनवाबनवीला कोशात क्रमांक आहे. म्हणजे माझी लाज क्रमांकाला बांधलेली, अमर. आईचं नाटक पत्त्याला बांधलेलं.

हे नाटक म्हणजे 1986 च्या गणपतीत आमच्या मंडळानं केलेलं 'तुझे आहे तुजपाशी'. पुलंचं हे नाटक 1957 चं आणि घडतं इंदुरात. त्यातले काकाजी हिंदी मिसळलेलं मराठी बोलतात, त्यामुळे जबलपूरच्या मराठी माणसाला ते मराठी रंगभूमीवरचे एकमेव नॉर्मल गृहस्थ वाटतात. पुण्यात आम्ही तोंड उघडलं की 'तुम्ही तिकडचे का?' आणि इथं शेजारी 'मराठी लोग हैं'. कुठल्याच कोशात आमची नीट जुळणी होत नाही. कोश तरी काय करील! माझ्या 'सिंहासन'ला त्यानं मागे 1986 च्या हिंदी 'सिंहासन'चं पोस्टर डकवलं होतं. तलवार घेतलेला जितेंद्र बघून आई मोठ्या हौशीनं बसली, आणि समोर अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री फायली बघताहेत. हल्लीचा एखादा सुमार हिंदी सिनेमा असेल तर कोशात त्याच्या स्पॉटबॉयपर्यंत नोंद सापडते. माझ्या मराठी सिनेमांपुढे सारांशाच्या जागी पुष्कळदा नुसता पांढरा चौकोन असतो. हा राग मी विनोदात घालून सांगतो, पण आहे तो रागच. ज्याची नोंद नाही त्याचं 'पाहिलं' गेलं तर कुणाला कळणार?

नाटकाचं चित्रण लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यानं केलेलं. त्यामुळे काकाजींचं स्वगत रंगात आलं की कॅमेरा सवयीनं वळतो आणि पहिल्या रांगेतल्या बायकांच्या साड्या आणि हातातल्या बांगड्या सावकाश दाखवून परत येतो. खालच्या बाजूला टेपची ती थरथरती पांढरी पट्टी. पहिल्याच रांगेत एक बारा वर्षांचा मुलगा मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपलेला आहे. राष्ट्रीय ठेव्याचा भावी राखणदार तो.

बाबा या नाटकात दिसत नाहीत. ते प्रॉम्प्टर होते. पण कॅमेऱ्याचा माइक विंगेजवळ होता, त्यामुळे टेपमध्ये सगळ्यात स्वच्छ आवाज त्यांचाच येतो. प्रत्येक वाक्य आधी बाबा म्हणतात, कुठलाही भाव न आणता, रेल्वेच्या घोषणेसारखं सपाट. आणि मग तेच वाक्य पात्र अभिनयासह म्हणतं. काकाजी, आचार्य, गीता, उषा, सगळ्यांचं बाबाच बोलतात. एका ठिकाणी ते वाक्य सांगतात, पात्र गप्प, ते पुन्हा सांगतात, पात्र गप्पच, आणि मग बाबांचा आवाज येतो, "अरे बोल ना, बड्डे!" त्याला प्रेक्षकांतून टाळी पडली आहे. शेवटच्या अंकात त्यांना जनरेटर बघायला जावं लागलं, तिथून दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आहे.

ही कॅसेट 1997 च्या 22 मेच्या भूकंपातून वाचली. कपाट आडवं झालं, काचेची बरणी फुटली, कॅसेट लोणच्यात पडली पण वाजली. बाबा त्यानंतर काही वर्षांनी गेले. आई दुपारी हे नाटक लावते, थोडं बघते, डोळा लागतो. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. शेवटचा अंक आला की मागे नेऊन देण्याचा हुकूम मला होतो. रिमोटवर तिला दोनच बटणं येतात, त्यामुळे कालची खूण गेली तर तिची दुपार गेली. मला ती एकदा म्हणाली होती, "मी ठेवलेल्या जागी सापडलं पाहिजे बाबा. मी काही शोधत बसणार नाही."

पुण्याला चित्रपट संग्रहालयाच्या कोठाराला 2003 च्या जानेवारीत आग लागली आणि जुन्या सिनेमांच्या नायट्रेट फिती जळाल्या, त्यात प्रभातच्याही होत्या. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'चा आज काही भागच उरलाय. हे वाचून मी हळहळतो, मंडपात त्यावर बोलतोही. पण खरं सांगायचं तर त्या रात्री तारेनं जोडलेल्या दोन मशीनांसमोर बसलो होतो तेव्हा मला फाळक्यांची काळजी नव्हती. काळ्या खिडकीतून फायलींची नावं वर सरकत होती आणि मी एकाच नावाची वाट बघत होतो.

ते आलं. माल पोचला. पण नव्या मशीननं डिस्कला अक्षर दिलं 'डी'. जुन्यावर ती 'ई' होती. एका अक्षराचा फरक, आणि वहीतला प्रत्येक घरगुती पत्ता खोटा. मग मी चेरीतालची युक्ती केली. डिस्कचं अक्षर बदलता येतं. डी काढून ई दिलं. फोल्डरचं नाव 'राष्ट्रीय ठेवा', त्यातलं 'आईचं', त्यातलं 'नाटक', अक्षर न अक्षर तेच. वही जुन्या जागीच ठेवली. राउटरला सांगून नव्या मशीनला जुन्याचाच आयपी पत्ता दिला. टीव्हीनं दार ठोठावलं, आतून ओळखीचा आवाज आला, टीव्हीला संशय आला नाही.

दुपारी आईनं बटण दाबलं. नाटक कालच्या जागी उघडलं. बाबांनी वाक्य सांगितलं, काकाजींनी म्हटलं.

मी तिथंच उभा होतो. कुणीतरी काहीतरी बोलावं एवढी माफक अपेक्षा.

"काही फरक वाटतोय का?" मी विचारलं.

"कशात?"

"नवीन मशीन आहे."

"मग चालू कधी करणार?"

या कामाची ही गंमत आहे. नीट झालं तर कुणाला कळत नाही. बायकोला कळलं ते पंख्याचा आवाज बंद झाल्यामुळे. तिला वाटलं, बिघडलं. मंडळात मी विषय काढला तेव्हा एकानं विचारलं, "पिक्चर तेच आहेत ना?" जयंती कॉम्प्लेक्सवाल्याचे नातेवाईक असावेत.

मुलीनं मात्र नाटकाची एक प्रत मागितली. मी तिला सांगितलं, ई ड्राइव्हवर ठेव, पत्ता बदलू नकोस. ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे मॅक आहे. त्यात ई ड्राइव्ह नसतो." मॅकमध्ये ड्राइव्हना अक्षरंच नसतात. माझं सगळं शहाणपण विंध्यापलीकडे चालत नाही, असं दिसतंय.

मग दुसरा मार्ग. व्हिडिओच्या शेजारी 'एनएफओ' नावाची छोटीशी मजकुराची फाईल ठेवता येते. नाव, साल, दिग्दर्शक, कलाकार, सारं त्यात लिहायचं. सर्व्हर ते वाचतो. नाटक कुठंही गेलं तरी 'हे काय आहे' एवढं तरी त्याच्याबरोबर जातं. काल संध्याकाळी ती लिहायला बसलो. आधी निर्मात्याच्या जागी माझं नाव घातलं.

"तू?" आई मागे उभी होती. "तू तर झोपला होतास."

नाव काढलं. मग अडलो. कलाकारांना जागा आहे, दिग्दर्शकाला आहे, लेखकाला आहे. प्रॉम्प्टरला नाही.

"बाबांना कुठं घालू?" मी विचारलं.

"कलाकारांतच घाल," आई म्हणाली, "आणि सगळ्यात वर. सगळ्यांचं तेच बोललेत."